राष्ट्रपतींचे भाषण आणि सत्तेची मर्यादा : अभ्यासकांसाठी प्रस्तावना

राष्ट्रपतींचे भाषण चांगले की वाईट, हे कशावरून ठरवायचे? भाषा भारदस्त होती, आपल्याला पटणारे काही त्यात होते, आपल्या भागाचे नाव आले, एवढ्यावर आपण बहुधा मत देऊन मोकळे होतो. घटनेचा अभ्यासक मात्र वेगळे माप लावतो. राज्यघटनेने सत्तेला घातलेल्या मर्यादा या भाषणाने पाळल्या, पक्क्या केल्या की सैल केल्या, हे तो आधी पाहतो. पुढील पानांत या मापाची ओळख करून दिली आहे.

परभणीच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली ‘कलम ८७ : राष्ट्रपतींचे विशेष अभिभाषण’ एवढे पाठ करून पुढच्या कलमाकडे वळतात. परीक्षेपुरते ते पुरेसे असते. पण त्या एका ओळीत राज्य कोण करतो, कोणाच्या वतीने करतो आणि कोणाला उत्तर देतो, हे तिन्ही प्रश्न दडलेले आहेत. ते उलगडून पाहायला फार मोठ्या तयारीची गरज नाही. घटनेची प्रत, भाषणाचा छापील मजकूर आणि सावकाश वाचण्याची सवय, एवढे असले की कोणालाही सुरुवात करता येते.

परभणीच्या वाचकाजवळ आणखी एक शिदोरी आहे, ती या मातीच्या इतिहासाची. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे निजामाचे फर्मान हाच अखेरचा कायदा होता. जाहीर सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाखाली आधी परवानगी काढावी लागे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आज जालना जिल्ह्यात असलेले परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. परिषदेची भाषा नागरी हक्कांची आणि सुधारणांची, म्हणजे तशी सौम्यच होती. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी पुढे आणली, तेव्हा संघटना रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह अनेकांनी तुरुंगवास पत्करला. या लढ्याला राजा बदलून भागणार नव्हते. राज्यकर्त्याने प्रजेच्या प्रतिनिधींना उत्तर दिले पाहिजे, हे त्याचे मूळ म्हणणे होते.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने एक फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबाद राज्याला लागू होईल असे जाहीर केले. फर्मानाने चालणारे राज्य संपले तेही फर्मानानेच. २६ जानेवारी १९५० पासून निजाम मीर उस्मान अली खान हे त्या राज्याचे राजप्रमुख झाले. घटनेच्या कलम २३८ मुळे राज्यपालांविषयीच्या तरतुदी थोड्याफार बदलांसह राजप्रमुखांना लागू झाल्या आणि विधिमंडळापुढे अभिभाषण करण्याचे कर्तव्य त्यांच्याकडे आले. त्या अभिभाषणातले धोरण निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचे असणार होते. ज्यांचा शब्द म्हणजे कायदा होता, त्यांनी आता लोकप्रतिनिधींनी ठरवलेला शब्द बोलायचा होता. १९५६ मध्ये राजप्रमुखपद गेले आणि परभणी द्विभाषिक मुंबई राज्यात आली. दरम्यानच्या त्या सहा वर्षांत या भागाने मर्यादित राज्यसत्तेचा पहिला धडा घरच्या घरी पाहिला. म्हणून या विषयाकडे परभणीच्या वाचकाने परक्यासारखे पाहू नये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मर्यादित राज्यसत्ता म्हणजे कमी काम करणारे सरकार, असा अर्थ काही जण लावतात. आपल्या घटनेला तो मान्य नाही. तिच्या चौथ्या भागात राज्याने काय काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि मराठवाड्यासारख्या मागे राहिलेल्या प्रदेशासाठी तर कलम ३७१(२) हे खास कलम आहे. राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर विकास मंडळांची विशेष जबाबदारी सोपवता येते, असे ते सांगते. त्यानुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हे कलम बारकाईने वाचले तर अधिकाराच्या जोडीलाच उत्तरदायित्व सापडते. मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. घटनेला कामसू सरकार हवेच आहे. सरकारने मनमानी करू नये, ही तिची अट आहे. मर्यादा आहे ती मनमानीला.

या अभ्यासाचा पाया ज्या भाषणात सापडतो, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आहे. घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी राष्ट्रपतींचे स्थान स्पष्ट केले. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्य मात्र करणार नाहीत, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्याच भाषणात त्यांनी स्थैर्य आणि जबाबदारी यांची तुलना केली. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक मिळते, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक राहते, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे, असे त्यांनी सांगितले. सरकारच्या जबाबदारीचे माप मतदार निवडणुकीच्या वेळी घेतात, पण संसदेतले सदस्य ते रोजच्या रोज घेतात. या रोजच्या मापाची साधने मोजताना बाबासाहेबांनी प्रश्न, ठराव, अविश्वास व स्थगन प्रस्ताव यांच्या बरोबरीने अभिभाषणावरील चर्चेचाही उल्लेख केला. अभिभाषण हे सरकारचे माप घेण्याचे साधन आहे, हे घटना लागू होण्याआधीच ठरून गेले होते.

आता कलम ८७ पुन्हा वाचावे. पहिल्या पोटकलमात राष्ट्रपतींनी दोन्ही सभागृहांपुढे एकत्रित अभिभाषण करावे आणि संसद कशासाठी बोलावली त्याची कारणे सांगावीत, असे आहे. मुळात प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी अभिभाषण अपेक्षित होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचे पहिले अधिवेशन आणि दरवर्षीचे पहिले अधिवेशन यांपुरते ठेवले. दुसरे पोटकलम छोटे आहे आणि बहुतेक जण ते वाचतच नाहीत. अभिभाषणातील बाबींवर चर्चेसाठी वेळ राखून ठेवण्याची तरतूद सभागृहांच्या नियमांत करावी, असे ते सांगते. म्हणजे बोलण्याचे कर्तव्य आणि त्या बोलण्याची चिकित्सा, दोन्ही घटनेने एकाच कलमात घातली. भाषणाची तपासणी म्हणजे पदाचा अवमान असे ज्यांना वाटते, त्यांना हे पोटकलम आवर्जून दाखवावे.

भाषण वाचण्याची रीत आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. जमीन घेण्याआधी तो सातबारा वाचतो, तेव्हा नाव कोणाचे, क्षेत्र किती आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा कोणता, हे क्रमाने पाहतो. राष्ट्रपतींच्या भाषणालाही असेच क्रमाने पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न अधिकाराचा. हे भाषण कलम ८७ खालचे अभिभाषण आहे, कलम ८६ खालचा संदेश आहे, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येचे आवाहन आहे की एखाद्या संस्थेतील समारंभाचे भाषण आहे? दुसरा प्रश्न जबाबदारीचा. अभिभाषणात राष्ट्रपती ‘माझे सरकार’ म्हणतात, पण तो मजकूर मंत्रिमंडळाचा असतो, त्यामुळे त्यावरील टीका मंत्रिमंडळाला लागू होते. तिसरा प्रश्न कक्षेचा. सातव्या अनुसूचीत शेती, पाणी, जमीन, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत आहेत. त्यांविषयी केंद्र सरकार काही सांगत असेल, तर ते कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या संमतीने करणार, हे विचारले पाहिजे. चौथा प्रश्न हक्कांचा. सांगितलेल्या धोरणाने घटनेच्या तिसऱ्या भागातील एखाद्या हक्काला धक्का लागतो का? पाचवा प्रश्न मौनाचा. ज्याचा उल्लेख व्हायला हवा होता, असे काही गाळले आहे का?

या पाचही प्रश्नांच्या मुळाशी एक कसोटी आहे. या भाषणाने बोलणाऱ्याची किंवा ज्याच्या वतीने तो बोलतो त्याची सत्ता घटनेने दिली त्याहून वाढते का? ती कशी लावायची, हे दोन गाजलेल्या भाषणांवरून पाहू.

पहिले भाषण डॉ. राजेंद्रप्रसाद यांचे. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची पायाभरणी करताना, राष्ट्रपतींचे अधिकार ब्रिटनच्या राजाइतकेच आहेत का, याचा कायदेपंडितांनी अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे असे घटनेत कुठेही शब्दशः म्हटलेले नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या वेळच्या मजकुरापुरते ते खरे होते. पण कसोटी लावली की भाषणाचा रोख दिसतो. थेट जनतेने न निवडलेल्या, संसदेला उत्तर न देणाऱ्या एका पदाकडे स्वतंत्र सत्ता जाण्याची वाट त्या प्रश्नाने मोकळी होत होती. १९५१ मध्ये हिंदू संहिता विधेयकावरून त्यांचा आणि पंडित नेहरूंचा मतभेद झाला, तेव्हाही प्रश्न हाच होता. आता दुसरी बाजूही तितकीच मोकळेपणाने मांडली पाहिजे. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आणि हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला, तेव्हा त्यांना संमती देणारे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादच होते. भाषणातला प्रश्न मर्यादेबाहेर नेणारा, प्रत्यक्ष वर्तन मर्यादेतले, असा निवाडा इथे द्यावा लागतो. पुढे १९७४ मध्ये शमशेरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात, हे स्पष्ट केले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते घटनेच्या मजकुरात आले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा राष्ट्रपतींना मिळाली.

दुसरे भाषण राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचे. २७ जानेवारी २००० रोजी प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात ते बोलले. त्या काळात घटनेच्या फेरआढाव्याची आणि सरकारला स्थैर्य देण्याची चर्चा चालू होती. पुढच्याच महिन्यात न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोगही नेमला गेला. घटनेने आपल्याला दगा दिला की आपण घटनेला, असा नारायणन यांच्या विचारण्याचा आशय होता. स्थैर्यापेक्षा जबाबदारी मोठी, या आंबेडकरांच्या निवडीची त्यांनी आठवण करून दिली. सरकारच्या विचाराशी न जुळणारे मत राष्ट्रपतींनी जाहीरपणे मांडावे का, हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पण हे कलम ८७ खालचे अभिभाषण नव्हते. त्यात स्वतःसाठी एकही नवा अधिकार मागितलेला नव्हता, आणि सत्तेने आपल्या चौकटीत राहावे एवढीच विनंती होती. माझ्या मते हे भाषण कसोटीला उतरते. विद्यार्थ्याने माझे मत प्रमाण मानू नये. दोन्ही भाषणे शेजारी ठेवून एकाच मापाने मोजावीत आणि आपला निवाडा स्वतः लिहावा. आवडत्या वक्त्याला एक माप आणि नावडत्याला दुसरे लावले, तर अभ्यास तिथेच संपतो.

कधी कधी भाषणापेक्षा त्यामागचा कागद अधिक सांगतो. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्रात भारत सरकारच्या कामकाज नियमांतील नियम १२ चा आधार घेतला होता. हा नियम पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तेव्हा ठरलेल्या रीतीपासून दूर जाण्याची मुभा देतो. मंत्रिमंडळाने दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी दिली, आणि मग देशाने आकाशवाणीवर पंतप्रधानांचे भाषण ऐकले. ४४ व्या दुरुस्तीने आता आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आहे. पण नियम १२ राहिलाच. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठवली गेली ती याच नियमाखाली. एका छोट्या नियमात केवढी सत्ता मावते, हे अशा कागदांवरून कळते.

परदेशातला एक दाखलाही अभ्यासण्याजोगा आहे. कोरियाचे युद्ध चालू असताना ८ एप्रिल १९५२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेत असल्याचे भाषणातून देशाला सांगितले. संप झाला तर सैन्याला शस्त्रे कमी पडतील, ही त्यांची चिंता खरी होती. तरीही २ जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती कृती बेकायदा ठरवली, कारण काँग्रेसने असा अधिकार त्यांना दिलेलाच नव्हता. कारखाने परत करण्यात आले. हेतू चांगला असणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खटल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. आपल्याकडे हेच तत्त्व १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडले. घटनादुरुस्तीचा अधिकार मर्यादित आहे, आणि मर्यादित अधिकार वापरून संसद स्वतःला अमर्याद करू शकत नाही, असा त्याचा आशय होता.

आभारप्रदर्शक प्रस्तावावरील चर्चा हा या अभ्यासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अभिभाषणानंतर सदस्य या प्रस्तावाला दुरुस्त्या सुचवतात. लोकसभेत अशी दुरुस्ती मंजूर झाली तर तो सरकारवरील अविश्वास मानला जाईल. राज्यसभेत २००१, २०१५ आणि २०१६ मध्ये सरकारचा विरोध असूनही दुरुस्त्या मंजूर झाल्या. त्यांपैकी २०१६ ची दुरुस्ती ग्रामीण वाचकाने मुद्दाम पाहावी. राजस्थान आणि हरियाणा या राज्यांनी पंचायत निवडणूक लढवण्यासाठी शिक्षणाची अट घातली होती. सर्व नागरिकांच्या पंचायत निवडणूक लढवण्याच्या हक्काचा अभिभाषणात उल्लेख नाही, याबद्दल त्या दुरुस्तीत खेद नोंदवला गेला. वर सांगितलेला मौनाचा प्रश्न संसदेत कसा विचारला जातो, हे त्यावरून समजते. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील न शिकलेल्या बाईने सरपंचपदाची निवडणूक लढवावी की नाही, याचा धागा असा थेट राष्ट्रपतींच्या भाषणापर्यंत पोचतो.

परभणीत हा विषय मांडताना डिसेंबर २०२४ टाळता येणार नाही. १० डिसेंबरला रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तपासाचा निष्कर्ष काढणे हे या पुस्तकाचे काम नाही. मात्र पाच प्रश्नांतला तिसरा आणि चौथा इथे एकत्र येतात, हे अभ्यासकाने पाहावे. पोलीस आणि तुरुंग हे राज्यसूचीतले विषय असल्याने याचा जाब राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेपेक्षा राज्यपालांच्या अभिभाषणावर, विधिमंडळात आणि न्यायालयात मागायचा असतो. जीविताचा हक्क देणारे कलम २१ आणि अटकेतील व्यक्तीला संरक्षण देणारे कलम २२ मात्र दिल्ली, मुंबई आणि पोलीस ठाण्याची कोठडी, सर्वांना सारखेच बांधून ठेवतात. सत्तेच्या मर्यादेची खरी परीक्षा कोठडीत होते.

शेवटी कामाच्या काही सूचना. संविधानाची अधिकृत मराठी प्रत जवळ ठेवावी. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेतील तेरावा खंड संविधान सभेतील त्यांच्या कामाचा आहे, तो ग्रंथालयात मागावा. ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ही दोन्ही भाषणे पूर्ण वाचावीत. दुसऱ्या भाषणात व्यक्तिपूजेविषयी दिलेला इशारा कोणत्याही भाषणाची चिकित्सा करण्याआधी मनात असावा. बातमीतल्या दोन ओळींवर मत बनवू नये, पूर्ण मजकूर मिळवावा. भाषणाच्या शेजारी त्यावरची संसदेतली चर्चा ठेवावी, विरोधकांचे म्हणणे सरकारच्या उत्तरासह वाचावे, आणि पाच प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहून काढावीत. शिक्षकांनी हा स्वाध्याय वर्गात द्यावा. ग्रामसभेत बोलणाऱ्यांनी हेच प्रश्न जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि सरपंच यांच्या भाषणांना लावून पाहावेत.

या विषयाला वकिलीची सनद लागत नाही. जबाबदार राज्यपद्धतीसाठी ज्या जिल्ह्यातल्या माणसांनी तुरुंग पाहिला, तिथल्या वाचकाला तर तो वारशानेच मिळाला आहे. पुढच्या अधिवेशनात राष्ट्रपती अभिभाषणाला उभे राहतील, तेव्हा ते आदराने ऐका, मग मजकूर हाती घ्या आणि घटना उघडून त्याची तपासणी करा. हा तुमचा हक्क आहे, आणि तो तुमच्या वतीने दुसरे कोणी बजावणार नाही.